कॅमेरा शेवटपर्यंत चालू ठेवावा

दारेजानचं पटाकडे लक्षच नव्हतं. पट समोर पडद्यावर होता, हत्ती-घोडे हलत होते, पण ती बघत होती वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीकडे. त्या चौकटीत तिची लेक इरमा होती. इटलीत कुणा म्हाताऱ्या बाईची शुश्रूषा करायला राहिलेली इरमा त्या बाईच्याच स्वयंपाकघरात बसून आपल्या ओझुर्गेती गावच्या संघासाठी चौथ्या पटावर खेळत होती, आणि दारेजान त्या संघाची कप्तान होती.

हे ऑनलाइन सामने जुळवताना कप्तानाच्या नाकी नऊ आले होते. संघातल्या ग्वांत्साचा लॅपटॉप नातू पळवतो. एतेरीच्या घरी पाहुण्यांची रीघ. नियम म्हणतो, खेळताना खोलीत दुसरं कुणी नको. आता आमच्या गुरिया प्रांतात दार वाजल्यावर माणसाला बाहेर कसं ठेवायचं, हे नियम करणाऱ्यानं येऊन दाखवावं. पहिल्याच फेरीत शेजारी नव्या वाइनचा जग घेऊन आत आला आणि कॅमेऱ्यापुढे उभा राहून पंचांच्या आरोग्यासाठी प्याला. गुण गेला. तेव्हापासून एतेरी दारेजानच्या मागच्या खोलीत कडी लावून खेळते. आणि इरमा मोकळी कधी, तर म्हातारीच्या वामकुक्षीत. म्हणजे इकडच्या तिघी, समोरच्या संघातल्या पोलंडच्या चौघी आणि पंच, सगळ्यांनी मिळून इटलीतल्या एका म्हातारीला झोप कधी लागते ते बघायचं आणि मग सामन्याची वेळ ठरवायची.

तरी दारेजाननं सगळं हौसेनं केलं. इरमा फोन करायची, पण चेहरा दाखवायची नाही. केस विंचरलेले नाहीत, उजेड कमी आहे, नेट चालत नाही. कारणांना काय तोटा! ती इटलीला गेल्यापासून दारेजाननं तिला पाहिलंच नव्हतं. मग एकदा या सामन्यांचे नियम वाचनात आले. चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, कॅमेरा डाव संपेपर्यंत चालू ठेवावा. त्याच दिवशी तिनं संघाचं नाव दिलं. बायका म्हणाल्या, हिला उतारवयात बुद्धिबळाचं वेड लागलं. म्हणेनात का.

बाहेर धुकं अंगणात उतरलं होतं. कुंपण गेलं, मग विहीर गेली, मग द्राक्षाचा वेल चढलेलं झाडही गेलं. कुठेतरी चर्चची घंटा वाजली, ती इथली की तिथली कळेना. दारेजानला वाटलं, हे स्वयंपाकघर संपतं तिथेच ते दुसरं सुरू होत असेल, मध्ये फक्त एक दार. तेवढ्यात म्हातारीचा खोकला ऐकू आला. इरमानं मान वळवली, आणि इकडे दारेजान पाणी द्यायला अर्धी उठलीसुद्धा. मग स्वतःशीच हसून खाली बसली. पुन्हा लेकीच्या हातांकडे बघत राहिली. बोटं लाल झालेली, भेगाळलेली. हे हात असे नव्हते.

एतेरी आली ती पाय न वाजवता. तिनं डाव जिंकला होता, ग्वांत्सा हरली होती, संघातल्या तिसरीनं जिंकला होता. दोन-एक. आता इरमाचा बरोबरीचा अर्धा गुण आला की सामना आपला आणि पुढच्या मोसमात वरचा गट. एतेरीनं जन्मभर शाळेतल्या पोरांना खेळ शिकवला होता, स्वतः मात्र कधी वर गेली नव्हती. तिचे डोळे नुसते चमकत होते. आजचा सामना मोसमातला शेवटचा. यापुढचा थेट हिवाळा सरल्यावर.

पोलंडच्या मुलीनं बरोबरी मागितली. इरमानं पंचांना ऐकू जाईल असं विचारलं, "कप्तान, बरोबरी देतायत. घेऊ?"

कप्तानानं यावर फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं, वर एक शब्द नाही. एतेरीनं मैत्रिणीचा खांदा आनंदानं दाबला. हो म्हटलं की डाव संपणार, आणि डाव संपला की ती चौकट काळी होणार.

"नाही," दारेजान म्हणाली.

एतेरीनं झटकन माइक बंद केला. "डोकं फिरलं का तुझं? पट बघ की. हत्ती अडकलाय इरमाचा."

"असेल. मी पट बघितलाच नाही."

"मग इतका वेळ बघत काय होतीस?"

 दारेजानचे डोळे भरून आले होते. एतेरीनं मग तिची नजर कुठे आहे ते पाहिलं.

इरमा सरळ कॅमेऱ्यात बघत होती. ही पोर लहानपणापासून भाजी चिरावी तशी खेळायची, खटाखट, विचार करायला थांबणं तिला माहीतच नव्हतं. त्यामुळे घड्याळात तिचा पुष्कळ वेळ शिल्लक होता. तिनं लॅपटॉप जरासा वळवला, तसा खिडकीतला उजेड तोंडावर आला. कपाळावरचे केस मागे सारले. मग दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तशीच बसून राहिली. खेळली नाही. तिचं घड्याळ पळत होतं, वेळ संपली की डाव गेला.

एतेरी थोडा वेळ उभी राहिली. वरचा गट तिच्या डोळ्यांदेखत चालला होता. मग तिनं स्टूल ओढलं आणि दारेजानला खेटून बसली.

"बारीक झालीये गं पोर," ती म्हणाली.

"हो."

एतेरीनं माउस हातात घेतला आणि पटाची खिडकी बंद केली. इरमाचा चेहरा पडदाभर झाला.