शून्याखालचा एक

दवाखान्याच्या दारावरचा फलक चमकत होता : ‘या वर्षीच्या चुका : ०’. सुई यंत्रच टोचायचं आणि चुकाही तेच मोजायचं.

हौसाबाईंनी नवऱ्याचा परवाच्या सुईनं सुजलेला हात यंत्रासमोर धरला. “ह्यांना घास उचलवत नाही. ही चूक नाही होय?”

“नोंद नाही,” यंत्र म्हणालं.

हौसाबाईंनी पिशवीतून खडू काढला आणि फलकाखाली भिंतीवर मोठा ‘१’ काढला.

“मावशी, पुसा ते!” नर्स कुंदा घाबरली. “यंत्राच्या कॅमेऱ्याला इथं शून्याशिवाय दुसरा आकडा दिसला की तपासणी होईपर्यंत यंत्र बंद पडतं. एवढ्यांना सुई कोण देणार?”

“तू दे की! शिकलीस कशाला मग?”

यंत्राचा दिवा विझला. रांगेत कुरकुर झाली. मग मागची एक बाई आपला सुजलेला दंड उघडा करत पुढे आली.

“हौसाबाई, तो खडू द्या इकडं.”