कोपऱ्यातला आकडा

पडद्याच्या कोपऱ्यात, प्रेक्षकसंख्येच्या जागी एकचा आकडा उमटला, तेव्हा कुठे एमरी स्ट्रिकलरने घसा साफ करून माइक उघडला.

सामना अडीचशे मैल लांब चालला होता. पेनसिल्व्हेनियातल्या दोन कॉलेजांच्या मुलींची हॉकी. वाहिनीने तिथे एकच कॅमेरा उभा केला होता, आणि एमरी इथे बिनखिडकीच्या खोलीत बसून मैदानातच असल्यासारखा बोलत होता. शेजारच्या दालनात फुटबॉलसाठी चौदा कॅमेऱ्यांचे पडदे, तीन समालोचक आणि सँडविचची भली मोठी थाळी. हॉकीच्या वाट्याला कॉफीसुद्धा त्यांची उरलेली यायची.

एमरीला त्याचं काही वाटत नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वी त्याची बायको लेनोर वारली, तेव्हापासून त्याला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. शब्द तोंडातून येत होते, एवढंच.

मध्यंतरात प्रमुख पुलास्की दारातून डोकावला. वयाने मुलासारखा, पण एमरीचं काम त्याच्या हाती.

"आहे का तुमचा भक्त?"

"आहे."

"एकच? आता तर बटणही दाबावं लागत नाही. एकदा लावून ठेवलं की पुढचा सामना आपोआप सुरू होतो. तरी एकच." तो चौकटीला टेकला. "सामना संपताना तिथे शून्य दिसलं ना, तर वरच्यांना दाखवायला माझ्याकडे काही उरत नाही. मग समालोचन बंद, नुसतं चित्र. आधीच सांगतोय, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका."

तो गेला. एमरी आकड्याकडे बघत बसला.

मुलींचे आईबाप गाड्या काढून मैदानावरच जायचे. मग घरी बसून बघणारं हे एकटं माणूस कोण? चार वर्षं विचार करून एमरीने ठरवून टाकलं होतं की ही कुणाची तरी आजी असणार. मध्यंतर झालं की आकडा शून्यावर जायचा आणि दहा मिनिटांनी परत यायचा. आजी चहा करायला उठत असेल. अलीकडे मात्र ती मध्यंतरातही जागची हलत नव्हती. तिला आपल्या बोलण्याची गोडी लागली, असं एमरीला वाटलं होतं. एवढ्या दिवसांत बरं वाटलं असेल तर तेवढंच.

लेनोरला त्याच्या हॉकीचं कधी कौतुक नव्हतं. "तुझी काठ्याकाठी बघतं तरी कोण?" असं ती जेवताना विचारायची आणि तो मुकाट्याने खाली बघून जेवायचा. मग ती आपल्या गोधड्या शिवायच्या खोलीत जायची. ते दार त्याने अजून उघडलं नव्हतं. आज तिची बहीण बर्नडीन किल्ली घेऊन गेली होती. चर्चला द्यायचे कपडे मीच काढते, म्हणाली.

सामना पुन्हा सुरू झाला. एमरी आजीशी बोलू लागला.

"गोलरक्षक मुलीकडे बघा. चेंडू तिकडे लांब आहे, तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. कॅमेऱ्याचंही नाही. तरी ती डोळ्यात तेल घालून उभी आहे. असं माणूस घरात असलं, तरी आपल्याला दिसत नाही."

हे आपण का बोललो, ते त्याला कळलं नाही.

आठ मिनिटं उरली असताना त्याने कोपऱ्यात पाहिलं. शून्य.

तो बोलत राहिला. आजी उठली असेल, येईल. कुणीतरी गोल केला. त्याने तो सांगितला. सहा मिनिटं. चार.

"कामाला उठला असाल तर सावकाश या," तो माइकवर म्हणाला. "मी आहे इथे."

शिट्टी वाजली. शून्यच होतं. पुलास्की दारात येऊन उभा राहिला, त्याने आकडा पाहिला आणि पलीकडचा दिवा मालवला.

एमरीने माइक बंद केला. फोनवर बर्नडीनचा निरोप येऊन पडला होता.

"कपडे काढले. लेनोरच्या शिलाई मशीनवर तिचा टॅब इतके दिवस चार्जरला लावलेला, चालूच होता. हेडफोनही जोडलेले. तुझीच हॉकी लागली होती. बंद केला."