आधारचं मशीन

"कार्ड इथे मिळत नाही, पालिकेत जा," टेबलामागची गौरवी मान वर न करता म्हणाली. डिचोलीच्या बाजारामागे त्या खोलीवर 'आधार' हे हत्तीएवढ्या आणि 'कुटुंब व युवक साहाय्य केंद्र' हे मुंगीएवढ्या अक्षरांत रंगवून झाल्यापासून ती दिवसभर हेच एक वाक्य बोलत असे.

"कार्ड नाका गो बाय," दारातली बाई म्हणाली. "कार्डाचें निमित्त करून आयल्यां."

ती मये गावची देवकी. बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं. खाणी बंद झाल्या, नवऱ्याचा ट्रक दारात उभा राहिला आणि नवरा त्या ट्रकात बसून राहिला. जेवायला हाक मारली की हॉर्न वाजवून 'नको' म्हणतो. आज सकाळी तिला सीटखाली काजूवर फवारायच्या विषाची बाटली दिसली.

"आनी आमचें काजूचें एकूय झाड ना."

"बाटली आता कुठे आहे?"

"मागीर परत सोदली, तर थंय ना."

बाहेर स्कूटर थांबली. दारात तिचा नवरा, शंभू.

"इतलो वेळ कितें गो? कितें सांगतालीस तिका?"

देवकीने पदराचं टोक मुठीत धरलं. गौरवी घाईने म्हणाली, "कार्डाचं काम चाललंय. तुमचंही राहिलंय ना, काका? बसा."

"ट्रक हालना. कार्ड घेवन खंय वचूं?"

"सरकारी काम आहे. बसा म्हणते ना."

शंभू बसला. सरकारवर त्याचा भयंकर राग होता, पण सरकारने बस म्हटल्यावर उभं राहायची त्याला सवय नव्हती.

टेबलावर ठसे घ्यायचं मशीन नव्हतं. गौरवीने कॉम्प्युटरचा माउस उचलला आणि उताणा ठेवला. त्याच्या पोटातला लाल दिवा चमकला.

"उजवा अंगठा यावर. उचलायचा नाही, नाहीतर सगळं पहिल्यापासून."

शंभूने अंगठा ठेवला. पडद्यावरचा बाण थरथरू लागला. तो फक्त गौरवीला दिसत होता.

"नाव?"

"शंभू."

"धंदा?"

"ट्रक. बंद."

"झोप?"

"झोपय विचारता सरकार?"

"नवीन नियम."

"ना. झोप ना."

"जेवण?"

"ना."

"हॉर्न वाजयता," देवकी पुटपुटली.

"तूं गप गो. सरकार म्हाका विचारता."

गौरवीने कीबोर्डवर उगीच चारदोन बटणं दाबली. "पुढची नोंद डोळ्यांची. ती आतल्या खोलीत, डॉक्टरांसमोर. पण त्याआधी घरातलं फवारायचं औषध इथे जमा करायचं. ते जमा झाल्याशिवाय मशीन पुढे जात नाही."

बाण एकदम पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन आपटला.

पंखा फिरत होता. दाराशी एक म्हातारा येऊन "कार्ड हांगाच?" म्हणाला आणि आतल्या तिघांचे चेहरे बघून स्वतःच पालिकेकडे निघून गेला.

"सगळ्यांक जमा करचें पडटा?" शंभूने विचारलं.

"सगळ्यांना."

त्याने देवकीकडे पाहिलं नाही. माउसकडे बघत राहिला.

"स्कूटराच्या डिकींत आसा," तो म्हणाला.

देवकी उठली. "चावी?"

चावी पँटच्या उजव्या खिशात होती. शंभूने डावा हात पोटावरून फिरवून पाहिला, तो पोचेना. उजवा त्याने उचलला नाही. देवकीने वाकून स्वतःच खिशात हात घातला आणि चावी ओढू लागली.

"हळू गो," शंभू म्हणाला. "आंगठो हालतलो."