निवळलेलं पाणी

मासे मेलेत हे आधी मनिषाला दिसलं. छबुबाई पाण्याकडेच बघत होती.

पाणी झालंही होतं बघण्यासारखं. कालपर्यंत टाकीच्या काचेवर, वाळूवर, दगडांवर तपकिरी शेवाळाचा थर बसला होता. आज त्याच टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचता येत होता. हे दाखवायलाच तिने लेकीला शाळेच्या वाटेवर दवाखान्यात आणलं होतं. अख्ख्या सिरसाळ्यात खाऱ्या पाण्यातले मासे कुणी पाळले नव्हते. डॉक्टर अभिमन्यूंनी नव्या दवाखान्याच्या शोभेसाठी ते पुण्याहून मागवले, मिठाच्या पिशव्यांसकट. टाकी मांडून तीन आठवडे होत नाहीत तोच शेवाळ आलं. आज पुसलं की उद्या पुन्हा हजर. मासेवाला फोनवर म्हणाला होता, नव्या टाकीत असं येतंच, महिन्याभरात आपोआप जातं, उगाच हात लावू नका. पण उद्घाटन आज अकराला होतं. काल निघताना डॉक्टरांनी बजावलं, सकाळी टाकी लख्ख दिसली पाहिजे. दिसली तर छबुबाईचं साफसफाईचं काम कायमचं.

कायमचं म्हणजे यंदा ऊसतोडीला जायचं नाही. ती गेली, तर घरी थांबायला कुणी नाही म्हणून मनिषालाही फडावर न्यावं लागणार होतं, दहावी अर्ध्यात सोडून. टोळी निघायला पंधरा दिवस उरले होते.

म्हणून छबुबाई जीव तोडून राबली. काच घासली, दगड घासले. घासलेलं सगळं पाण्यात उतरलं आणि टाकी ओढ्यासारखी गढूळ झाली, तरी ती घाबरली नाही. गढूळ पाण्याचं काय करायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. टँकरचं पाणी ती जन्मभर निवळत आली होती. घरून तुरटीचा खडा आणला, चांगला आठ-दहा वेळा गोल फिरवला आणि पाणी हलू नये म्हणून बुडबुड्यांची मोटर बंद करून घरी गेली.

"आई, मासे आडवे झालेत," मनिषा म्हणाली.

तिन्ही मासे वाळूवर कुशीवर पडले होते. छबुबाईने काचेवर टिचकी मारली. निजले असतील, असं तिला खरंच वाटलं. मनिषाने वाकून मोटरचं बटण पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. माशांना पाण्यातली हवा लागते, ती हवा ही मोटर देते, असं तिने दबक्या आवाजात सांगितलं. छबुबाईने काचेवरचा हात मागे घेतला.

बाहेर डॉक्टरांची गाडी थांबली.

"लाईट गेलती म्हण," मनिषा कुजबुजली. "रोजच जातीय. कोण इचारतंय."

डॉक्टर येऊन टाकीसमोर उभे राहिले. ओरडले नाहीत. त्यांनी आपणहून विचारलं, रात्री वीज गेली होती का. मनिषाने आईच्या दंडाला चिमटा काढला.

नुसती मान हलवायची होती. पण खुळीच ती. इतकं नितळ पाणी तिने स्वतःच्या हाताने केलं होतं. ते काम गेलेल्या विजेखाली झाकायचं तिच्या जिवावर आलं.

"न्हाई सर, मीच बंद केली. तुरटी फिरवल्यावर पाणी हलवायचं नसतं. बगा की, कसं निवळलंय."

डॉक्टरांनी पाहिलं. निवळलंय खरं, म्हणाले. मासे काढून टाका, मोटर चालू करा, पाणी तसंच राहू द्या, पाहुण्यांना सांगू मासे यायचेत म्हणून. एवढं सांगून ते आत वळले आणि दारातूनच म्हणाले, "आणि छबुबाई, उद्यापासून येऊ नका."

तिने बटण दाबलं. बुडबुडे वर चढू लागले, त्यांच्या धक्क्याने मासे हलले, आणि तिने घाईने टाकीत वाकून पाहिलं. मग चहाची गाळणी आणली. मनिषाने पेपर धरला, छबुबाई एकेक मासा त्यावर ठेवू लागली.

"शाळंतून नाव आजच काढून आणू का?" मनिषाने विचारलं. "का टोळीची गाडी आल्यावर?"

छबुबाईने तिसरा मासा कागदावर ठेवला, हात पदराला पुसले आणि लेकीच्या खांद्यावरून घसरलेला दप्तराचा पट्टा वर सरकवला.

"आजचा दिस जाऊन ये," ती म्हणाली.