मोडलेला श्रावण

“मोडला,” विकास दारातच म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला.

सकाळचे साडेदहा वाजले होते. वास त्याच्या आधीच घरात शिरला होता, त्यामुळे सांगायची तशी गरज नव्हती. पण त्याने सांगितलं. बावीस वर्षं पिणाऱ्या माणसाने पहिल्यांदा आपणहून सांगितलं. सीमा कणीक मळत होती. तिचे हात परातीतच थांबले.

“मोडला गं श्रावण. तीन दिवस काढले, चौथा निघाला नाही. सकाळी चहाचा कप धरता येईना. क्वार्टर पोटात गेली, आता बघ कसे गप्प आहेत.” त्याने दोन्ही हात तिच्यापुढे धरले. “माझ्याच्याने होत नाही. चल, कुठे नेतेस तिथे ने.”

लालबागच्या त्या चाळीत श्रावण ही पुरुषांची मोठी सोय होती. वर्षभर कितीही ढोसा, एक महिना थेंबाला शिवला नाहीत की तुम्ही दारुडे नाही, नुसते शौकीन. विकासचा तर तो हुकमाचा एक्का. सीमाने दवाखान्याचं नाव काढलं की तो म्हणायचा, “महिनाभर हात लावत नाही मी. दारुड्याला जमेल?” आणि त्याची आई, बकुळाबाई, लगेच मान डोलवायची. गेल्या श्रावणात शेवटचा आठवडा तो रोज बडीशेप चघळत घरी यायचा. म्हातारीने काय केलं? बडीशेपेची नवी पुडी आणून ठेवली.

यंदा गटारीच्या आधी सीमा परळच्या एका इस्पितळात एकटीच जाऊन आली होती. “हा आजार आहे,” तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “शपथा घालून जात नाही. आणि एवढी जुनी सवय एकदम तोडायला लावू नका, जिवावर बेतू शकतं. इथे आणा, औषधं देऊन सोडवू.” सीमाने घरी येऊन हे सगळं सांगितलं. विकास हसला. “यंदाचा श्रावण पाळतो. मोडला, तर तू म्हणशील तिथे येतो. आईची शपथ,” म्हणाला. याहून जास्त काही पदरात पडणार नाही, हे तिला कळत होतं. तिने तेवढंच घेतलं.

आता तिने हात धुतले आणि भराभर पिशवी भरली. दोन लुंग्या, टॉवेल, दाताचा ब्रश, आधार कार्ड. विकास तोंड धुऊन आला आणि शहाण्यासारखा चपला घालू लागला. सीमाला रडू येत होतं आणि हसूही. लग्नाच्या दिवशीसुद्धा तिला इतका आनंद झाला नव्हता.

“खंय चाललास?” बकुळाबाईंनी विचारलं. देवापुढे वाती वळत बसल्या होत्या.

“ॲडमिट व्हायला. श्रावण मोडला आई.”

बकुळाबाईंचा हात थांबला. त्यांनी एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. समोरच्या गॅलरीत दोघी-तिघी उभ्या होत्या. मग त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही न बघता म्हणाल्या, “मोडलो कसो? श्रावण लागलोच खंय? ह्यो अधिक म्हयनो. निज श्रावण सतरा तारखेक. अजून सत्तावीस दिवस आसत, झिला. तुझो शब्द मोडूक नाय.”

“आई!” सीमा म्हणाली. “तुम्ही स्वतः पहिल्या दिवसापासून एकवेळ जेवताय. अधिकात दुप्पट पुण्य, म्हणून!”

“माझी गोष्ट वायली. तुझ्या घोवाक दारुडो म्हणान लिवन घेतले, तर तुका बरा वाटतला?”

आजारी म्हणून लिहून घेतील, असं उत्तर सीमाच्या ओठांवर आलं होतं. पण तिने विकासकडे पाहिलं. एका पायात चप्पल घालून तो उभा होता. परीक्षा पुढे ढकलल्याचं कळल्यावर पोरांचा चेहरा खुलतो, तसा त्याचा खुलला होता.

“सतरा तारखेपासून नक्की,” तो म्हणाला. “आईची शपथ.”

सीमाने आरडाओरडा करायला हवा होता. हाताला धरून त्याला जिना उतरवायला हवा होता. तिने यातलं काही केलं नाही. ती थकली होती. आणि खरं सांगायचं तर, गॅलरीतल्या बायकांसमोरून पिशवी घेऊन जावं लागणार नाही, म्हणून कुठेतरी तिचाही जीव भांड्यात पडला. या गोष्टीसाठी तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

तिने इस्पितळात फोन लावला. सतरा तारखेनंतर येतो म्हणाली.

“आज तयार झालाय ना तो?” पलीकडून नर्सने विचारलं. “मग आजच आणा, ताई. असा दिवस परत येईलच असं नाही.”

“घरात जरा अडचण आहे,” सीमा म्हणाली आणि कपडे पुन्हा कपाटात लावू लागली.

संध्याकाळी विकास उजळ माथ्याने खाली उतरला. अधिक महिन्याची मुभा खुद्द आईने दिली होती, मग लपवायचं कशाला? तो मन लावून प्यायला. बकुळाबाई दाराशी येणाऱ्याला आपणहून सांगत, “सतरा तारखेपासून सोडतलो तो.” त्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता.

सत्तावीस दिवसांतले बावीस दिवस विकास जगला.