नऊ नंबरचा शर्ट

दियाबचा गुद्दा शाझलीच्या नाकावर बसला, तेव्हा कैरोहून आलेला फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय पसरत होता. शाझली कोसळला. त्याच्या शर्टावर रक्त सांडलं. दियाबनं बरगडीत लाथ घातली, मग दुसरी. चौघांनी मिळून आवळलं तेव्हा कुठे तो मागे सरला.

"मॅच संपेपर्यंत जगशील," दियाब म्हणाला. "गावच्या शेखना तेवढाच शब्द दिलाय."

चाळीस दिवसांपूर्वी पाटाच्या पाण्यावरून शाझलीच्या थोरल्या भावानं दियाबच्या धाकट्या भावाला, हिलालला, उसात गाठून गोळी घातली होती. घालून तो पळाला. पळालेला सापडत नाही तेव्हा घरी उरलेला मरतो. दियाब संघाचा कॅप्टन होता, आणि त्याच्या मोज्यात सुरा होता. साऱ्या संघाला तो ठाऊक होता, शाझलीलाही.

फोटोग्राफरला नव्हता. "अरे बाबांनो, कुस्ती मागाहून! सहा उभे, पाच गुडघ्यावर. कॅप्टनपाशा, तुम्ही मधोमध. आणि ए खांबा, तुझी सावली आवर, दोघांची तोंडं खाल्लीस!"

प्रशिक्षकानं पिशवीतून हिलालचा शर्ट काढला. धुतलेला, पांढराशुभ्र, नऊ नंबरचा. "हाही फोटोत हवा," एवढंच त्याला बोलता आलं.

"मग कॅप्टनच्याच हाती शोभेल." फोटोग्राफरनं तो शेजारीच रक्त पुसत उभ्या असलेल्या शाझलीकडे दिला. "जा बारक्या, देऊन ये. अंहं, घडी मोडेल! दोन्ही हातांवर आडवा घे. अंगापासून लांब धर, डाग लागेल."

शाझली निघाला. झटापटीत बूट निघाले होते, पाय अनवाणी होते. मान खाली, हातांवर पांढरं कापड.

मैदानाकडेचे म्हातारे एकेक करून उभे राहिले. पोरांच्या आरोळ्या विझल्या. वारा पडला, उसाचं पानसुद्धा हलेना. या गावात असा चालत येणारा माणूस आपलं कफन घेऊन येतो. ज्याच्यापुढे धरलं, त्यानं मारावं किंवा सोडावं. तिसरं काही नाही.

निम्म्या वाटेवर शाझलीलाही ते उमगलं. वळला असता तरी चाललं असतं, शर्टच तर होता. तो वळला नाही. दियाबपुढे जाऊन त्यानं गुडघे टेकले.

"वा! अस्सेच राहा! कुणी हलू नका!" फोटोग्राफर ओरडला.

दियाबनं सुरा उपसला. शाझलीचे केस मुठीत धरून मान मागे खेचली. पातं गळ्यावर टेकलं, कातडी चिरली, बारीक लाल ओघळ कॉलरीत उतरला.

"कुणाचं कापड आणलंस?"

"हिलालचं होतं," शाझली म्हणाला. "आता माझं."

दियाबनं हातांवरच्या नऊ आकड्याकडे पाहिलं. सुरा हवेत उठला आणि खाली आला तो मुठीपर्यंत मातीत रुतला. दियाबनं शाझलीच्या अंगावरचा रक्ताळलेला शर्ट दोन्ही हातांनी टरकावून काढला, आणि तो उघडा देह बघत घोगऱ्या आवाजात म्हणाला,

"मग घाल अंगात. नऊ नंबरला आज तू."