गोट्याचा भागीदार

या गावात लंबू नावाच्या माणसाची बरीच नाचक्की झालेली आहे, हे त्याला लग्नाच्या हॉलमध्ये दारालगतच्या खुर्चीत टेकल्यापासून पाच मिनिटांत कळलं. लंबू म्हणजे तो स्वतःच. सतरा वर्षांनी आला होता, टक्कल आणि चष्मा घेऊन, आणि बसलेल्या माणसाची उंची कुणाच्या लक्षात येत नाही.

"मुलीकडचे का?" शेजारच्या बाईंनी विचारलं. कोपऱ्यावरची लॉन्ड्री आपली, हे त्यांनी त्याच्या चुरगळलेल्या कॉलरकडे बघत आधीच सांगून टाकलं होतं.

तो नुसता "हं" म्हणाला.

"मग अगदी निश्चिंत असा. मुलगा सोन्यासारखा आहे."

मुलगा बेचाळीस वर्षांचा होता आणि समोरच्या टेबलापाशी नव्या कोटात घाम पुसत उभा होता. हॉलचे सहाही पंखे फिरत होते, पण बाहेरचं ऊन त्यांना दाद देत नव्हतं.

"गोट्यासारखा मेकॅनिक शोधून सापडायचा नाही," बाई पुढे म्हणाल्या. "फक्त त्याचा तो भागीदार! तेवढा मेला बिनकामाचा."

"भागीदार?" त्याने खुर्ची जरा जवळ ओढली.

"लंबू म्हणून आहे एक. दुकानाच्या पाटीवरच आहे की, 'लंबू आणि गोट्या, विजेची सर्व कामे'. माझी इस्त्री दोनदा बिघडवली त्याने. जाब विचारला तर गोट्या बिचारा कान पकडतो. म्हणतो, मावशी, ते लंबूचं काम, मी त्याला चांगला झापतो. पोस्टमास्तरांचा रेडिओ त्यानेच घालवला. शाळेची घंटा दोन दिवस वाजत राहिली, तीही त्याचीच करणी."

"तुम्ही पाहिलंय त्याला?"

"दिसेल तर ना! सकाळी जावं तर जेवायला गेलाय, दुपारी जावं तर सामान आणायला गेलाय. मी म्हटलं, अरे, हाकलून दे त्याला. तर म्हणतो, नको मावशी, येईल वळणावर."

ते दुकान उघडल्यापासून त्याची पायरीसुद्धा तो कधी चढला नव्हता. दोघांनी मिळून जागा ठरवली, रंग दिला, आणि दुकान उघडायच्या आदल्या दिवशी लंबूने शहरातली नोकरी धरली आणि गोट्याला तोंडही न दाखवता गाडी पकडली. मग ना पत्र, ना फोन. गेल्या महिन्यात लग्नाची पत्रिका आली, तिच्यावर हाताने लिहिलेलं एक अक्षर नव्हतं. ती मनापासून पाठवली, की जुन्या यादीत नाव राहून गेलं म्हणून आली, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. विचारायची छाती नव्हती. मागे बसून नुसता चेहरा वाचायचा आणि चारच्या गाडीने परत जायचं, असं ठरवून तो आला होता.

पण पाटीवर नाव? सतरा वर्षं? ही सूड उगवायची रीत म्हणायची की दुसरंच काही? त्याने मान उंच करून गोट्याचा चेहरा पाहिला. काही म्हणता काही कळेना.

टेबलावर रजिस्टर उघडलं गेलं. नवरीने सही केली. गोट्याने पेन टेकवलं आणि सहाही पंखे एकदम गळाठून थांबले.

"अरे गोट्या, हॉलचं वायरिंग तुझंच ना?" कुणीतरी ओरडलं.

"लंबूचं!" गोट्याने मान वर न करता सांगितलं. सगळा हॉल हसला. खरं मानणारे हसले, न मानणारेही हसले.

"तरी म्हटलं!" लॉन्ड्रीवाल्या मावशी म्हणाल्या.

तो उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. "बघतो मी," तो म्हणाला.

मावशींची मान त्याच्याबरोबर वर वर गेली. "अगबाई!" त्या म्हणाल्या, आणि मग, "माझी इस्त्री!"

हसू विरलं. माणसं वळून बघू लागली. गोट्याची सही अर्ध्यावर थांबली. नवरीने आधी दाराकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "म्हणजे हा माणूस खरंच आहे?"

फ्यूजचा बोर्ड दारावर उंच होता आणि फुलांच्या माळा लावायला आणलेली शिडी तिथेच टेकवलेली होती. लंबू चढला. सतरा वर्षं त्याने विम्याचे फॉर्म तपासले होते, स्क्रूड्रायव्हर हातात धरला नव्हता. पाचव्या पायरीवर शिडी डुगडुगली. मग शिडी सावरली.

त्याने खाली पाहिलं. गोट्याने एका हाताने शिडी धरली होती. दुसऱ्या हातात रजिस्टरचं पेन तसंच होतं.

"आधी मेन बंद कर," गोट्या म्हणाला. "मग डावीकडून दुसरा."

लंबूने मेन बंद केला. दुसरा फ्यूज ओढून काढला. आतली तार जळून काळी पडली होती. खाली बघायचा धीर होईना, म्हणून त्याने बोर्डाकडे तोंड करूनच हळूच विचारलं, "गोट्या, अजून रागावलायस?"

"खूप," गोट्या म्हणाला. त्याने पेन खिशात खोचलं आणि शिडी दोन्ही हातांनी धरली.